लंगडा ठेका

शटरच्या डाव्या कोपऱ्याला धाकटीनं खालून लाथ घातली, तसे मागे कॅमेरा घेऊन उभे असलेले सगळे दचकले. शटर मात्र मुकाट्यानं वर गेलं. त्याला हीच भाषा कळायची. बाबांनी आयुष्यभर त्याला लाथा घातल्या, तेलाचा थेंब म्हणून कधी घातला नाही.

"हे पण घेऊ या का व्हिडिओत?" दिग्दर्शक म्हणाला. "मस्त आहे. राग दिसतो."

"राग कसला? शटर उघडलंय."

आत अजून चामड्याचा आणि सोल्युशनचा वास होता. हिवाळ्यात बाबा गेले, तेव्हापासून इथलं काहीच हललं नव्हतं. चामडं टोचायची आरी आणि कापायची रापी पाटावर आडवी पडलेली. भिंतीवर पायांचे लाकडी साचे जोडीजोडीनं टांगलेले, पण नीट पाहिलं तर त्यातली एकही जोडी जुळत नव्हती. दुकानच तसलं होतं. धडधाकट पायांच्या माणसाला इथं यायचं काही कारण नव्हतं. यायचे ते एक पाय आखूड असलेले, टाच वाकडी असलेले, अपघातात बोटं गमावलेले लोक. बाबा त्यांना असे बूट करून द्यायचे की रस्त्यात कुणी वळून बघू नये. एकाच बुटाच्या तळाला बुचाचे थर चिकटवून तो उंच करायचा आणि वरून चामडं असं ओढून घ्यायचं की उंची डोळ्यात भरता कामा नये.

आणि हा माणूस स्वतः लंगडायचा. डावा पाय लहानपणापासून आखूड.

"आम्हाला सरळ करता आणि स्वतः असे?" गिऱ्हाइकं चेष्टा करायची.

"डॉक्टर स्वतःचं ऑपरेशन करतो का?" बाबा म्हणायचे.

हे गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं उत्तर. घरात खरं काय ते माहीत होतं. धाकटी शाळेत असताना बाबांनी स्वतःसाठी तसा बूट केला होता आणि एका संध्याकाळी तो घालूनच ते घरी आले होते. घर त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. दुकानाच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की लाकडी जिना. बाबा जिना चढायला लागले की आई चहाचं आधण ठेवायची आणि ते दुसऱ्या मजल्याच्या वळणावर येईपर्यंत दाराची कडी काढून पुन्हा आपल्या कामाला लागायची. एक पाय जोरात, दुसरा उशिरा आणि जपून, मग कठड्यावर पडणारा हात. तेवढं ऐकलं की सगळं घर हलायचं. बेल कशाला असते हे धाकटीला लहानपणी ठाऊकच नव्हतं.

त्या संध्याकाळी मात्र बाबा टक टक टक टक करत सरळ वर आले, तर दार बंद. त्यांना बेल वाजवावी लागली.

"कोण पाहिजे?" आतून आईनं विचारलं.

"मी आहे."

"मी म्हणजे कोण?"

दार उघडल्यावर आईनं आधी त्यांचं तोंड बघितलं, मग पाय. "मला वाटलं, वरच्या मजल्यावरचं कुणीतरी चाललंय," ती म्हणाली. त्या दिवशी चहा उशिरा झाला. दुसऱ्या दिवशी तो डावा बूट दुकानातल्या सगळ्यात वरच्या फळीवर गेला आणि तिथंच राहिला. आपल्याच दारात बेल वाजवायला लावणारा बूट कुणाला हवाय, असं बाबा नंतर कधीतरी म्हणाले होते.

धाकटीचं 'जिना' हे गाणं यातूनच आलं होतं. ती 'मागचं दार' नावाच्या बँडमध्ये गायची आणि बास वाजवायची. बँडचा सराव दुकानाच्या मागच्या खोलीत, चामड्याच्या गुंडाळ्यांना टेकून चालायचा, म्हणून ते नाव. गिटारवर मास्तर, हा दिवसा शाळेत गणित शिकवायचा. ड्रमवर रणगाडा, हा इतका काटकुळा की ड्रममागे बसला की नुसत्या काठ्याच हवेत हलताना दिसायच्या. बाबा गेले तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक माणूस येताना एकच शब्द घेऊन आला होता: बिचारा. बिचारा, आयुष्यभर लंगडत राहिला. बिचारा, त्या पायानं तीन जिने. धाकटी ऐकून घेत राहिली, लोकांच्या हातात पाण्याचे पेले देत राहिली, आणि शेवटचा पाहुणा गेल्यावर मागच्या खोलीत जाऊन रणगाड्याला म्हणाली, "वाजव. पाय, पाय, हात. दुसरा पाय उशिरा."

"किती उशिरा?"

"तो येतो तेव्हा."

"अगं, पण हे मोजायचं कसं?" मास्तरनं विचारलं.

"मोजायचं नाही. चढायचं."

रणगाडा खरंच जिना चढत बसला. दुपारभर वर आणि खाली, वर आणि खाली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना वाटलं, ह्याचं काहीतरी हरवलंय. त्या बिचाऱ्या बॅटरी घेऊन कोपरे शोधायला लागल्या. पण ठेका सापडला. ऐकणाऱ्याला दर वेळी वाटायचं की आता हा पडणार, आणि तो पडायचा नाही. त्यावर धाकटीनं शब्द घातले, ओरडून म्हणायचे:

*मी येतोय, तुम्ही मोजत बसा.*
*माझा पाय, माझा जिना.*

रेकॉर्ड कंपनीच्या मॅडमनी अख्ख्या अल्बममधून बोट ठेवलं ते ह्याच गाण्यावर. "हेच पहिलं सोडू या," त्या म्हणाल्या होत्या. "पहिलं गाणं म्हणजे दारावरची पाटी. ती वाचूनच लोक ठरवतात, आत जायचं की नाही."

व्हिडिओची कल्पना दिग्दर्शकाची. एकच सलग शॉट, मधे कुठे कापायचं नाही. धाकटी दुकानातून निघणार, मागच्या दारानं बाहेर पडून जिना चढणार. पहिल्या मजल्याच्या सपाटीवर रणगाडा ड्रम वाजवत असेल, दुसऱ्यावर मास्तर गिटार. तिसऱ्या मजल्यावर शेवटच्या ओळीला आई दार उघडणार, की संपलं.

"आणि चढताना डोळ्यांत पाणी आलं तर थांबू नकोस हं," दिग्दर्शकानं जाता जाता सांगितलं. "आपण घेऊ ते."

"आलं तर हाक मारते," धाकटी म्हणाली.

सगळे जागेवर गेले. अशा शूटिंगमध्ये वाजवणं सगळं खोटं असतं. ड्रमवर रबराच्या चकत्या घालून त्यांचं तोंड दाबलेलं, गिटारची वायर कशालाच न जोडलेली. खरं गाणं स्पीकरमधून लागतं आणि त्यावर आपण ओठ हलवायचे. स्पीकर सांभाळायला स्टुडिओतला साउंडवाला आला होता. तो जिन्याखाली खोका घेऊन बसला. दिग्दर्शक ओरडला, गाणं सुरू झालं, धाकटी निघाली आणि तिसऱ्याच पायरीला अडखळली.

"काही हरकत नाही. पुन्हा!"

पुन्हा निघाली, पुन्हा अडखळली. पायऱ्या तर त्याच होत्या, रांगायला लागल्यापासूनच्या. कुठली करकरते, कुठल्या पायरीची कड झिजलीय, हे तिच्या तळव्यांना पाठ होतं. तिला वाटलं, आपल्यालाच काहीतरी होतंय. गेले कित्येक दिवस तिला असंच वाटत होतं; दुकानात जाऊन किल्ली विसरावी, पाणी तापत ठेवून भलतीकडेच बघत राहावं.

"ताई, जरा पायऱ्यांकडे लक्ष द्या ना," कॅमेरावाला म्हणाला.

तेवढ्यात वरून आवाज आला. "ए! बंद करा ते! हे मी वाजवलेलं नाही!"

रणगाडा कठड्यावरून निम्मा खाली वाकला होता. "बाई गं, ऐक ना नीट! माझं नाहीये हे! हे इस्त्री केल्यासारखं काय वाजतंय?"

धाकटीनं डोळे मिटून ऐकलं. टक टक टक टक. आवाज तिचा, शब्द तिचे, रणगाड्याचेच ड्रम. पण उशिरा येणारा पाय आता वेळेवर येत होता.

तिनं साउंडवाल्याकडे पाहिलं. साउंडवाल्यानं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी हातातला कॉफीचा कागदी पेला पायरीवर ठेवला.

"थोडं नीटनेटकं करून घेतलंय," त्या म्हणाल्या. "एवढं काय त्यात? सगळेच करतात. कॉम्प्युटरवर प्रत्येक ठोका आपल्या जागी नेऊन बसवला, बस."

"तो आपल्याच जागी होता."

"अगं, रेडिओवर लागल्यावर लोकांना वाटेल, वाजवणारा चुकला."

"वाजवणारा इथंच आहे म्हटलं!" रणगाडा वरून ओरडला.

"तुम्ही खाली येऊन बोला हो, मान दुखते माझी," मॅडम म्हणाल्या. त्या काही वाईट बाई नव्हत्या. ह्या बँडसाठी त्या कंपनीत वरच्या लोकांशी भांडल्या होत्या, हे तिघांनाही माहीत होतं. म्हणूनच जास्त लागलं. "हे बघ, धाकटे, गाणं तेच आहे. तुझे शब्द, तुझा गळा. फक्त लोकांना त्यावर पायानं ठेका धरता आला पाहिजे."

"आमचे लोक धरतात की," दुसऱ्या मजल्यावरून मास्तर म्हणाला.

"तुमचे लोक एका खोलीत मावतात, मास्तर. मला खोलीबाहेरचे हवेत."

"मला न विचारता केलंत," धाकटी म्हणाली.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

जिन्यात माणसं दाटीवाटीनं उभी होती, कुणाच्या खांद्यावर दिवा, कुणाच्या हातात वायर, आणि सगळ्यांची तोंडं तिच्याकडे. "गाण्याची तारीख जाहीर झालीय," मॅडम जरा खालच्या आवाजात म्हणाल्या. "एकदा करून तर बघ. डोळ्यांनी बघितलंस की तुलाच पटेल. तुझ्या बाबांसाठीच करतोय ना आपण सगळे हे?"

बाबांचं नाव काढलं की धाकटीच्या अंगातला जोर जायचा. ती म्हणाली, "एकदा."

रणगाड्यानं तिच्याकडे न बघता काठ्या उचलल्या.

ह्या वेळी ती अडखळली नाही. पाऊल ठोक्यावर टाकायचं ठरवलं की टाकता येतं. ती चढत गेली, ओठ हलवत गेली. पहिल्या मजल्यावर रणगाडा दाबलेल्या ड्रमवर हात हलवत होता आणि त्याचं तोंड औषध घेतल्यासारखं झालं होतं. दुसऱ्यावर मास्तर. कॅमेरावाला तिच्या पुढे उलटा उलटा चढत होता, दिग्दर्शकाचे डोळे चमकत होते. तिसरा मजला. शेवटची ओळ. माझा पाय, माझा जिना. स्पीकर गप्प झाला.

दार बंद.

कॅमेरा दारावर रोखलेला. कुणी हललं नाही. दाराआडून भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"काकू," दिग्दर्शक कुजबुजला. मग जरा मोठ्यानं, "काकू! दार!"

काही नाही. शेवटी त्यानं कॅमेरा थांबवला आणि बेल वाजवली.

"कोण पाहिजे?" आतून आई म्हणाली.

धाकटीनं कठडा धरला.

आईनं दार उघडलं. शूटिंगसाठी नेसलेली चांगली साडी, हात ओले. एवढी माणसं बघून ती वैतागली. "अरे, मला काय सांगितलं होतंत? गाणं दाराशी आलं की उघडा. मी कधीची कान लावून बसलेय. आलंच नाही गाणं."

"काकू, आत्ता वाजलं ना, एवढ्या मोठ्यानं!"

"ते होय? ते कुठलं तरी वाजत होतं," आई म्हणाली. "मला वाटलं, वरच्या मजल्यावरचं कुणीतरी चाललंय."

धाकटी पायरीवर बसली. दिग्दर्शकानं हळूच कॅमेरावाल्याला खूण केली, न जाणो. पण ती रडली नाही. तिला हसू आलं, पोट धरून, दुखेपर्यंत. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. मग ती उठली आणि कुणाशी काही न बोलता तडातडा खाली गेली.

दुकानात तिनं स्टूल ओढलं आणि सगळ्यात वरच्या फळीवरून तो डावा बूट काढला. धूळ बोटभर, चामडं मात्र अजून मऊ. बाबांचा पाय मोठा होता. तिनं कापडाचे बोळे पुढे कोंबले, पाय आत घातला, नाडी आवळली. उजव्या पायात तिचा स्वतःचा साधा बूट. उभी राहिली तशी सगळी खोली एका बाजूला कलली. बाबांना सरळ करायला केलेला बूट तिला लंगडं करत होता.

ती तशीच, एक पाय जोरात आणि एक उशिरा, मागच्या दारात आली. मॅडम तिथंच उभ्या होत्या.

"हे काय आता?"

"सरळ केलेलं गाणं लावायचं तर खुशाल लावा," धाकटी म्हणाली. "कंपनी तुमची आहे. पण मग व्हिडिओत चढायला दुसरी कुणीतरी आणा. आणि दार उघडायलासुद्धा. आमची आई त्या गाण्याला दार उघडत नाही."

"धाकटे, हट्ट करू नकोस."

"हट्टच आहे. घरातला आहे, जुना." तिनं वर तोंड केलं. "रणगाड्या! चकत्या काढ!"

वरून रबराच्या चकत्या ओरबाडल्याचा आवाज आला आणि रणगाडा त्या घेऊन खाली पळत आला. "धरा जरा," म्हणून त्यानं अदबीनं सगळ्या चकत्या मॅडमच्या हातात दिल्या आणि दोन दोन पायऱ्या गाळत परत गेला. दुसऱ्या मजल्यावर मास्तर गिटारच्या स्पीकरला वीज घ्यायला काकूंच्या घरातून वायर ओढत होता. "मास्तर, माझा फ्रिज बंद नको करूस हं," काकूंचं चाललं होतं. साउंडवाला इतका वेळ मान खाली घालून बसला होता. तो आता उठला, खोक्यातून माइक काढले आणि कुणी सांगायच्या आत कठड्याला बांधायला लागला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मॅडम म्हणाल्या.

"सरळ मीच केलं होतं, मॅडम," तो म्हणाला. "मूळचं ऐकून ऐकून करावं लागतं ना ते. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये."

दिग्दर्शकानं मॅडमकडे पाहिलं, धाकटीच्या पायांकडे पाहिलं, आणि कॅमेरावाल्याला म्हणाला, "चालू ठेव."

कुणी आकडे मोजले नाहीत. धाकटीनं पहिल्या पायरीवर उंच बूट आपटला, लाकूड पोकळ वाजलं. उजवा पाय मागून आला, त्याला यायला लागतो तेवढा वेळ घेऊन. मग कठड्यावर हात. वर रणगाड्यानं तो ठेका झेलला. बंद जिन्यात मोकळे ड्रम असे कडाडले की दिवा धरणाऱ्यानं खांदे आकसले. बास वाजवायला कुणी नव्हतं. ते काम बूट करत होता. धाकटी गायला लागली, आणि ह्या वेळी खरंखुरं, चढता चढता. पहिल्या मजल्यावर तिला धाप लागली. शब्दांच्या मधे श्वास घुसायला लागला. एवढं करून हा माणूस दिवसातून दोनदा चढायचा आणि वर पोचल्यावर शीळ घालायचा, बिचारा कुणाला म्हणता? तिनं ती ओळ रणगाड्याच्या तोंडावर ओरडली, मग मास्तरच्या, मग कॅमेऱ्याच्या. मी येतोय, तुम्ही मोजत बसा. काकू दारात उभ्या राहून कानांवर हात ठेवून बघत होत्या, पण आत जात नव्हत्या.

ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आली, आणि वर कडी वाजली.

गाणं अजून बरंच बाकी होतं. दिग्दर्शक दोन्ही हातांनी वर खुणा करायला लागला, आता नाही, आता नाही. पण दार उघडलं गेलं होतं आणि त्यात कुणीच उभं नव्हतं. उरलेलं सगळं गाणं धाकटी त्या उघड्या दाराकडे चढत गेली. दारातून स्वयंपाकघराचा कोपरा दिसत होता, आईची पाठ, पातेल्यातून निघणारी वाफ. शेवटच्या ओळीला तिचा आवाज फाटला. ती उंबऱ्यापाशी पोचली, ड्रम थांबले, आणि आतून आई मागे न वळता म्हणाली, "तो बूट बाहेर काढ. आत्ता पुसलंय."



"कमाल," दिग्दर्शक म्हणाला. "कमाल झाली. काकू, आता हेच पुन्हा एकदा, फक्त दार शेवटच्या ओळीला—"

"पुन्हा बिन्हा काही नाही," आई म्हणाली. "मी रोज असंच उघडायचे. नाटक तुम्हाला करायचंय, तुम्ही करा." आणि तिनं चहात साखर घातली.

मॅडम पहिल्या मजल्याच्या पायरीवर बसून हेडफोन लावून ऐकत होत्या. चकत्या अजून मांडीवर होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी हेडफोन काढले नाहीत, नुसता एक कान मोकळा केला.

"ते 'बूट बाहेर काढ' कापायचं?"

"नाही," खाली उतरून आलेली धाकटी म्हणाली.

"धाप?"

"नाही."

"आणि वर मी काय सांगू? विचारतील, हे असं का वाजतंय."

"सांगा, लंगडतंय."

मॅडमनी तिच्या पायांकडे एकदा पाहिलं. "रेडिओवाले फोन करतील, फाइल बिघडलीय म्हणून."

"नंबर माझा द्या."

"देणार आहे. आणि माझी नोकरी गेली तर मी तुमच्या ह्या रणगाड्याकडे जेवायला येणार आहे."

"अंडी उकडता येतात मला," रणगाडा म्हणाला. "तेवढीच."

मॅडमनी चकत्या त्याच्या हातात ठेवल्या आणि साउंडवाल्याला सांगितलं, सरळ केलेलं पुसून टाक, हे जपून ठेव, दोन ठिकाणी ठेव. मग त्या फोन करायला बाहेर गेल्या. त्यांचा आवाज गल्लीतून बराच वेळ येत होता, आणि तो कुणाची माफी मागणाऱ्या माणसाचा वाटत नव्हता.

सगळे वायरी गुंडाळायला लागले. धाकटी कठड्याला टेकून उभी होती. बूट काढायला हवा होता. घोटा दुखत होता. वरून आईनं हाक मारली, "अगं, एवढ्या जणांना चहा पुरायचा नाही. खाली गेलीसच तर दूध आण!"

ती तशीच गेली. उतरताना ठेका वेगळाच पडत होता. बाबा सकाळी खाली जायचे तो. कोपऱ्यावरच्या दुकानात एका गृहस्थांनी तिला बघून पटकन बाजूला होत वाट करून दिली. चेहऱ्यावर तो शब्द होताच, ओठांवर यायचा बाकी होता.

"सावकाश, सावकाश," ते म्हणाले. "काही घाई नाही."

"मला आहे," धाकटी म्हणाली.

ती दूध घेऊन परत आली. शटर अर्धं उघडं होतं. ती वाकून आत शिरली, साच्यांच्या भिंतीजवळून मागच्या दारानं बाहेर पडली आणि जिना चढायला लागली. लोक सामान घेऊन खाली उतरत होते, ते भिंतीला चिकटून उभे राहिले. पाय, पाय, हात. पहिला मजला गेला. ती दुसऱ्याच्या वळणावर पोचली.

वर कडी वाजली.